पोथी वाचणारी पोर

पुष्पाबाईच्या तोंडाला लागायची हिंमत अख्ख्या गल्लीत कुणाची नव्हती. बाईनं पदर खोचला की समोरच्यानं मुकाट आपलं घर गाठावं, यातच शहाणपण. मग ते भांडण नळावरचं असो, गिरणीतलं असो नाहीतर एसटीच्या थांब्यावरचं. पण त्याच बाईपुढे कुणी तिच्या सिंधूबद्दल एक चांगला शब्द काढला, की ती लगेच पाघळायची आणि चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. गल्लीतल्या बायांना हे पक्कं ठाऊक होतं. साखर उसनी पाहिजे असली, की त्या आधी सिंधूच्या पोथीचा विषय काढायच्या आणि मग हळूच वाटी पुढे करायच्या.

गाव धुळ्यापासून एसटीनं तासाभराचं, पांझरेच्या काठावर. श्रावण लागला की दुपारची कामं आटोपून बाया पुष्पाबाईच्या ओसरीवर पोथी ऐकायला जमायच्या. ही चाल तिच्या सासऱ्यांनी पाडलेली. आबा म्हणजे गावातलं मोठं माणूस. शेत बेताचंच, पण आवाज असा, की ओवी म्हणायला लागले की रस्त्यानं जाणारा बैलगाडी थांबवायचा. पाटावर लाल फडकं, फडक्यावर सुट्या लांबोळ्या पानांची जुनी पोथी, बाजूला तुपाचं निरांजन. बोटाला थुंकी लावून आबा पान उचलायचे, पालथं ठेवायचे आणि पुढची ओवी धरायचे. पोथीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. बांधायची त्यांनी आणि सोडायचीही त्यांनीच. सिंधू मात्र पाळण्यातून उतरली ती थेट त्यांच्या मांडीवर. तिथंच खेळली, तिथंच झोपली, आणि बोबड्या बोलात ओव्याही तिथंच म्हणायला लागली.

आबा गेले तेव्हा बाया हळहळल्या, आता पोथी बंद पडणार म्हणून. लोटनचं, म्हणजे पुष्पाबाईच्या नवऱ्याचं आणि अक्षराचं सात जन्मांचं वैर. शाळेत दुसरीत असताना मास्तरांनी बडव बडव बडवला, तर पठ्ठ्या खिडकीतून उडी मारून पळाला, तो परत शाळेकडे फिरकलाच नाही. पोथी वाचणाऱ्या बापानं पोराला शाळेत परत का धाडलं नाही, याचं गावाला तेव्हा नवल वाटलं होतं. ते असो. तर त्या श्रावणात सिंधू न बोलवता पाटापुढे जाऊन बसली, लाल फडकं सोडलं, बोटाला थुंकी लावली आणि आबांच्याच चालीत पहिली ओवी म्हटली. बायांच्या अंगावर काटा आला. पोर लहान, शिवाशिवीचा प्रश्न नाही, त्यामुळे कुणाला हरकत घ्यायला जागाच नव्हती. सगळ्यात वडीलधारी ताईबाई, तिनं तर सिंधूच्या पायावर डोकं ठेवलं. पुढे त्याच श्रावणात बोललेल्या नवसानं तिच्या लेकीची ओटी भरली, आणि मग काय विचारता, सिंधू गावाची झाली.

पुष्पाबाईला स्वतःला अक्षरओळख नव्हती. बापानं तेराव्या वर्षी लग्न लावून दिलं, शाळा तिनं बाहेरूनच पाहिली. पण सायकलवर बसून गावात लशी टोचायला येणारी पांढऱ्या साडीतली नर्स तिनं डोळे भरून पाहिली होती. पाटलाची सून त्या नर्ससाठी उठून उभी राहिलेली तिनं पाहिली होती. आपली सिंधू तशी होईल, हे तिनं मनात पक्कं धरलेलं. नवऱ्याशी भांडून तिनं पोरीला शाळेत ठेवली होती.

आणि इथंच तर घोडं अडलं होतं. पोथी घडाघडा म्हणणारी ही पोर शाळेत चौथीत नापास झाली. एका ओळीचं शुद्धलेखन तिला धड जमत नव्हतं. बाईंनी फळ्यावर लिहिलेलं वाच म्हटलं, की गप्प उभी राहायची आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. लोटननं तेव्हाच सांगून टाकलं, की एक वर्ष अजून देतो, यंदा गाडी पुढे सरकली नाही तर दप्तर खुंटीला आणि खुरपं हातात. त्याच्या घरात त्यानं दिलेला शब्द मोडायची चाल नव्हती.

त्या वर्षी चौथीला सुनंदाबाई म्हणून नव्या बाई आल्या होत्या. जळगावकडच्या, वयानं लहान, आवाज मऊ. पोरांना मारत नाहीत म्हणून गावाला त्या फारशा पसंत नव्हत्या. श्रावणाच्या तोंडावर त्यांनी पुष्पाबाईला शाळेत बोलावणं धाडलं. पुष्पाबाई नवं लुगडं नेसून गेली. तिला वाटलं, बाईंनाही पोथीची वार्ता लागली असणार.

सुनंदाबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि जे सांगितलं ते फार जपून सांगितलं. सिंधूचं डोकं चांगलं आहे, म्हणाल्या, तोंडी काहीही विचारा, वर्गात सगळ्यांच्या आधी सांगते. पण तिला वाचता येत नाही. अजिबात नाही. आणि हा तिचा आळस नाही की खोडी नाही. ट्रेनिंगला असताना पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला हे शिकवलं होतं, काही हुशार मुलांच्या डोळ्यांपुढे अक्षरं ठरत नाहीत. त्याला एक इंग्रजी नाव आहे. निराळ्या रीतीनं शिकवलं तर ही मुलं वाचायला लागतात. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, त्यांचा कागद आणला तर मला पुढे काहीतरी करता येईल, मी स्वतः तुमच्याबरोबर येते.

एवढ्या सगळ्यातलं पुष्पाबाईनं ऐकलं काय, तर ‘मनाचे डॉक्टर’. बाकीचं वाऱ्यावर गेलं. कारण दवाखान्यातली त्या डॉक्टरांची खोली सगळ्या गावाला ठाऊक होती. खालच्या गल्लीतल्या पुनाला त्याचा बाप त्या खोलीपुढे घेऊन बसला होता, झोप येत नाही एवढ्याच तक्रारीसाठी. कुणीतरी पाहिलं. त्या दिवसापासून गावानं पुनाला नावानं हाक मारणं सोडलं, आणि त्याच्या बहिणीला आलेलं स्थळ पारोळ्याच्या रस्त्यावरूनच माघारी वळलं. आळशी पोरीचं लग्न होतं हो, नापास पोरीचंही होतं. पण डोक्याचा डाग लागला की घराच्या सात पिढ्या खोदून काढतात लोक.

पुष्पाबाईनं पदर खोचला. शाळेची पोरं खिडकीत गोळा झाली इतका तिचा आवाज चढला. जी पोर गावापुढे पोथी वाचते तिला वाचता येत नाही म्हणता, मग तुमचं शिकवणंच वाकडं असेल, असं तिनं बाईंना तोंडावर सुनावलं. नाचता येईना म्हणे अंगण वाकडं. सुनंदाबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. दारातून निघताना पुष्पाबाई वळून म्हणाली, "बाई, तुमी शिकेल-सवरेल शेतस. पन मनी पोर येडी नही शे. पोथीनी समाप्तीले या, म्होरे बसा, कान देईसन ऐका. मंग बोला."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं तिचं म्हणणं. त्याच संध्याकाळी तिनं सगळ्या गल्लीत सांगून टाकलं, की यंदा समाप्तीला शाळेच्या बाई येणार, माणसंही येणार, आणि काय ते सगळ्यांदेखत होऊन जाईल. लोटनलाही तिनं बजावलं. तो नुसता हं म्हणाला.

श्रावण सुरू झाला. पोथीही सुरू झाली. मध्येच एक दिवस स्वच्छ ऊन पडलं, तसं पुष्पाबाईच्या मनात आलं, की पोथीला दमट वास येतोय, जरा ऊन दाखवावं. आबा असते तर हात लावू दिला नसता. तिनं अंगणात गोणपाट टाकलं, त्यावर पोथी ठेवली आणि चुलीवरचं दूध बघायला आत वळली, तेवढ्यात दावं सोडवून घेतलेलं वासरू गोणपाटावरून उधळत गेलं. बाहेर येऊन पाहते तर पानं अंगणभर. काही तुळशीपाशी, काही हौदापाशी, काही कोंबड्यांच्या पायात.

धावत धावत सगळी पानं तिनं गोळा केली, पदरानं पुसली. पण लावायची कशी? तिला सगळी अक्षरं सारखीच. पानांच्या कोपऱ्यातले आकडे उंदरांनी कधीच खाल्लेले. तिनं आलीत तशी पानं एकावर एक रचली, फडक्यात बांधली, पाटावर ठेवली आणि हात जोडले. आता दुपारी सिंधू पोथी सोडणार, पहिल्याच पानाला अडणार आणि सगळ्या बायांपुढे विचारणार, की माय, पोथीचं हे काय करून ठेवलं. घरात आबांची पोथी मोडली म्हणजे लहान पाप नव्हे.

दुपारी बाया जमल्या. पुष्पाबाई नेहमीच्या जागी, पाटाच्या कडेला, वाती सारायला बसली. सिंधूनं फडकं सोडलं. आणि वरचंच पान पुष्पाबाईनं लगेच ओळखलं. ते तुपाचं पान होतं. राणी वनात आपल्या हरवलेल्या पोराला हाका मारते, त्या जागी एका वर्षी आबांनाच रडू कोसळलं होतं, हात लागून निरांजन कलंडलं आणि पानावर तूप सांडलं. तेव्हापासून ते पान आरपार दिसायचं. इतकी वर्षं पुष्पाबाई वाती सारत होती, ते पान दिसलं की राणी वनात पोचली हे तिला कळायचं. आणि आज ते पहिलंच.

सिंधूनं बोटाला थुंकी लावली. राणी वनातच काय, अजून लग्नाच्या मांडवातही आली नव्हती. काल जिथं सोडलं होतं, तिथून पोरीनं पुढची ओवी धरली आणि न अडखळता, न थांबता, चालीत म्हणत गेली. तुपाचं पान उचललं, पालथं ठेवलं, पुढचं उचललं. नजर पानावरच होती, अगदी आबांसारखी. बाया डोलत होत्या.

वात सारायची राहिली. पुष्पाबाई पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. कितीही नाही म्हटलं तरी तिला कळलं होतं, आणि एकदा कळलेलं काही पुसता येत नाही.

रविवारी तिनं सिंधूला भुईमूग निंदायला बरोबर नेलं. लोटन पलीकडच्या वावरात होता. बांधावर भाकर सोडली आणि पुष्पाबाईनं सरळ विचारलं, पोथीची पानं उलटीपालटी झालीत हे तुला दिसलं नाही का. सिंधूच्या हातातला घास तसाच राहिला. पुष्पाबाईनं भांडायचा आवाज काढला नाही, हे तिलाच नवं होतं.

"अक्षरं हालतस, माय," सिंधू म्हणाली. "एक धरं का दुसरं पळस."

मग पोथी? पोथी आबांनी मुखपाठ करून दिली होती. सगळी, पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत. बाईंना हे सगळं माहीत आहे, बाई मारत नाहीत, तुझा दोष नाही म्हणतात, वाळूत बोटानं एकेक अक्षर गिरवून घेतात, तेव्हा थोडं थोडं थांबतं, असं पोर भडाभडा सांगत सुटली. बोलता बोलता एकदम थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आबालेबी वाचता येत नव्हतं. ओवी सरनी का पान उलटं करानं, बस. कोनले सांगू नको म्हने."

पुष्पाबाईनं उरलेली भाकर परत फडक्यात बांधली. आबा, ज्यांच्या पायावर गाव डोकं ठेवायचं, ते आबा. म्हणून पोथीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत. पानं विसकटली असती तर त्यांनाही लावता आली नसती. म्हणून लोटन खिडकीतून पळाला तेव्हा त्याला धरून परत नेलं नाही. म्हाताऱ्यानं उभा जन्म हे ओझं एकट्यानं वागवलं आणि जाता जाता नातीच्या डोक्यावर ठेवून गेला. तिला आबांचा राग आला, आणि राग येतो म्हणून स्वतःची लाजही वाटली.

आता काय करावं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं, तर ताईबाईच्या लेकीच्या नवसापासून सगळ्या गावाचे श्रावण खोटे ठरतात. आबांचं नाव मातीला मिळतं. पोरीच्या कपाळावर डोक्याचा डाग बसतो तो बसतोच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःशी पुटपुटत राहिली. समाप्ती होऊ दे, गावासमोर पोरीची अब्रू राहू दे, मग बाईंना एकटं गाठू, पाय धरू, गुपचूप शिकवा म्हणू. पुष्पाबाईला कुठं ठाऊक होतं, की तिनं स्वतःच खड्डा खणून ठेवलाय.

समाप्तीचा दिवस आला. वरण-बट्टीचा घाट घातला होता, अंगणात चुलाणं पेटलेलं. ओसरी बायांनी भरली, अंगणात माणसं बसली. लोटन धुवट टोपी घालून खांबाला टेकून उभा. सुनंदाबाई आल्या आणि दाराशीच बसायला लागल्या, तर ताईबाई उठली आणि त्यांना हाताला धरून थेट पाटाशी घेऊन आली. म्होरे बसा, असं तूच म्हटलं होतंस ना, म्हणाली पुष्पाबाईला.

सिंधूनं पोथी म्हटली. त्या दिवशी तिचा आवाज असा लागला होता, की पुरुषांनीही डोळे पुसले. सुनंदाबाईंची नजर मात्र पानावर होती. पोरीच्या तोंडात एक आणि पानावर भलतंच, हे त्यांना पहिल्या दोन ओव्यांतच दिसलं असणार. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. फक्त एकदा मान वर करून पुष्पाबाईकडे पाहिलं, आणि पुष्पाबाईनं नजर वातीवर ठेवली. दोघींनाही कळलं, की दुसरीला ठाऊक आहे.

आरती झाली. सिंधूच्या पाया पडायला रांग लागली. तेवढ्यात लोटन पुढे आला. आवाज चढवला नाही त्यानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला प्रश्न. बाई, माझ्या पोरीला वाचता येत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना, आता सांगा.

सुनंदाबाई उभ्या राहिल्या. त्या मनात आणत्या तर पाटावरचं कोणतंही पान उचलून पोरीपुढे धरू शकल्या असत्या, खेळ तिथंच संपला असता. त्यांनी तसं केलं नाही. त्या पुष्पाबाईकडे वळल्या.

"आईंनीच सांगावं," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापेक्षा जवळून पोरीला कुणी पाहिलेलं नाही."

सगळं गाव पुष्पाबाईकडे बघायला लागलं. सिंधूही बघायला लागली. पोरीच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि डोळे आईवर. ज्या बाईला उभ्या आयुष्यात शब्द कमी पडले नव्हते, ती आजूबाजूला बघायला लागली. ताईबाई तिच्या शेजारीच उभी होती, नातू कडेवर घेऊन. पुना कुंपणापाशी उभा होता, त्याच्या शेजारी जागा असूनही कुणी बसलेलं नव्हतं.

"वाचस ती," पुष्पाबाई म्हणाली. "बठ्ठास्नी, अख्खा गावनी ऐकं ना."

माणसांत समाधानाची कुजबुज झाली. सुनंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. पुष्पाबाईला वाटलं, सुटले. आणि मग लोटनचा चेहरा तिला दिसला. तो खूश नव्हता. चेहरा काळानिळा पडत चालला होता.

"माले येत नव्हतं म्हनीसन मी मार खादा," तो म्हणाला. "मनं अर्धं आयुष्य ढोरंमांगे गयं. आनि हिले येस, तरी ही शाळामा वाचत नही. हाऊ माज शे."

लोकांनी ऐकलं आणि मानाही डोलावल्या, कारण बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. ज्याला येत नाही त्याची कीव करता येते. येत असून जो करत नाही, त्याला फटकेच पाहिजेत. सुनंदाबाई मध्ये पडल्या, हात जोडले, पण जेवणाच्या पंगती बसायला लागल्या होत्या आणि लोटननं पोरीला दंडाला धरून गोठ्याकडे नेलं होतं. पुष्पाबाई धावली. गोठ्याची कडी आतून लागलेली. तिनं दारावर हात आपटले. बाहेर बट्टीवर तूप वाढणं चालूच होतं.

अंधार पडता पडता ती सिंधूच्या पाठीला हळद-तेल लावत होती. पोर रडत नव्हती. पालथी पडून भिंतीकडे बघत होती.

"माले वाटनं तू सांगशी," ती म्हणाली.

एवढंच. त्यानंतर या विषयावर पोर आईशी पुन्हा कधी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी लोटन शाळेत जाऊन नाव काढून आला. तेव्हा मात्र पुष्पाबाईनं लाज, पाप, डाग, सगळं गुंडाळून ठेवलं आणि नवऱ्याला खरं सांगितलं. तो जेवत होता. ती समोर बसली आणि म्हणाली, मी काल खोटं बोलले, पोरीला वाचता येत नाही, तिला ते पाठ आहे, पानं उलटीपालटी लागलीत, सगळं वासरानं केलं. लोटननं घास खाली ठेवला. सगळ्या गावानं कानानं ऐकलं, म्हणाला, मी ऐकलं, तू स्वतः सगळ्यांदेखत कबूल केलंस. आता पोरीला शाळेत परत घालायला ही नवी गोष्ट रचतेस होय. आणि पानं उलटी की सुलटी हे तुला कुणी सांगितलं, तुला कधीपासून वाचता यायला लागलं?

तिच्यापाशी एकच शेवटचं उरलं होतं, ते तिनं टाकलं. आबांनाही येत नव्हतं, म्हणाली. तुम्हाला येत नव्हतं ते काही तुमच्या माजानं नव्हे. ही घरातलीच गोष्ट आहे.

क्षणभर तिला वाटलं, पोचलं. लोटनच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की खिडकीतून पळणारं ते दुसरीतलं पोर तिला स्पष्ट दिसलं. मग त्यानं ताट सरकवलं. मेलेल्या माणसाचं नाव मध्ये घेशील तर या घरात राहू नको, एवढं म्हणून तो उठून गेला.

ती ताईबाईकडेही गेली. ताईबाईनं सगळं ऐकून घेतलं, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, असं अभद्र बोलू नये पुष्पा, पोथीचा कोप होतो. तिनं चहाही विचारला नाही. सुनंदाबाई दोनदा घरी येऊन गेल्या, रविवारी तरी पोरीला पाठवा म्हणाल्या. लोटननं दारातूनच नाही म्हटलं. उन्हाळ्यात त्यांची बदली रावेरकडे झाली. जाताना त्या शेताच्या बांधापर्यंत आल्या होत्या. सिंधू कपाशीच्या वाळल्या काटक्या, पळकाट्या, गोळा करत होती. दोघी काय बोलल्या ते कुणाला ठाऊक नाही. बाई गेल्यावर सिंधूनं मातीत बोटानं काहीतरी गिरवलं आणि पायानं पुसून टाकलं, एवढं पुष्पाबाईनं लांबून पाहिलं.

पुढचा श्रावण आला. बाया ओसरीवर जमल्या. सिंधूचे हात खुरप्यानं राठ झाले होते, पण आवाज तसाच होता. लोटननं पोथीवर बंदी घातली नव्हती. कशाला घालेल, गावात त्याला त्या पोथीपायीच मान होता. पानं अजून वासरानं लावून ठेवली तशीच. त्या घरात ती सुलटी लावणारं कुणी नव्हतं, आणि ती उलटी आहेत हे मानणारंही कुणी नव्हतं.

पोथीतली गोष्ट पुढे सरकत गेली. तुपाचं पान आधीच येऊन गेलं, तेव्हा राणीच्या लग्नाच्या पंगती चालू होत्या. मग एका दुपारी राणी वनात आली आणि पोराला हाका मारायला लागली. पाटावर त्या वेळी कुठलं पान होतं, देव जाणे. बायांनी पदर डोळ्यांना लावले. पुष्पाबाईनं वात सारायला हात पुढे केला आणि तिला असं रडू फुटलं, की बाया आपलं रडणं विसरून तिच्याकडे बघायला लागल्या. ताईबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोथीवर किती माया या बाईची, असं ती शेजारणीला म्हणाली.

सिंधूनं आईकडे पाहिलं नाही. तिनं बोटाला थुंकी लावली, पान उचलून पालथं ठेवलं आणि पुढची ओवी धरली.